तारखेशिवाय बोलावणं

१७ नोव्हेंबर १९३४, शनिवार
विलायती डाक आली, यांचं पत्र. मामाजी दुकानातून जेवायला आले तेच लिफाफा हातात धरून. नेहमीप्रमाणे ओसरीवर बसून मोठ्यानं वाचलं. प्रकृती ठीक, लीड्सला थंडी फार, कॉलेजात निळ्या रंगाचं काम चालू, सौ. मातोश्रींस सा. नमस्कार. माझं नाव नाही. नसतंच. वडिलांना धाडलेल्या पत्रात बायकोचं नाव कोण लिहितो!
शेवटी इंग्रजी कागद निघाला. मामाजींनी तो उलटसुलट करून पाहिला आणि दाराकडे सरकवला. "घे वं सुनबाई, हे तुह्या अभ्यासाचं."
धडा अठरावा. मामाजींना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. देवा, असंच राहू दे.

१८ नोव्हेंबर
डिक्शनरी घेऊन दुपारभर बसले. हे लिहितात, तिकडची माणसं पुस्तकातलं इंग्रजी बोलतच नाहीत. यांच्या खोलीची घरमालकीण म्हातारी यांना म्हणाली, भोकात लाकूड घाल. हे खोलीभर भोक शोधत राहिले. शेवटी तिनंच उठून दार लावलं. दार लाव म्हणायची ती रीत!
'हाउ डू यू डू' हा प्रश्नच नाही म्हणे. पहिले दोन महिने हे बिचारे खोकल्यापासून सगळं सांगत बसायचे.
आणि ट्रामचा कंडक्टर, पाववाली, भाजीवाली, सगळे सगळ्यांना 'लव्ह' म्हणतात. हे लिहितात, "हा शब्द इथे फार स्वस्त झाला आहे, तुझ्यासाठी दुसरा शोधतो आहे."
ही ओळ मी तीनदा वाचली. चौथ्यांदा वाचताना सासूबाईंनी विचारलं, "काहून हासून राहिली वं?" म्हटलं, व्याकरण आहे.

२० नोव्हें., मंगळवार
मिशनच्या मिसबाई आल्या होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, अर्धा तास शिवण, अर्धा तास वाचन. त्यांना 'भोकात लाकूड' सांगितलं तर पोट धरून हसल्या. म्हणाल्या, हे माझ्या आजोळचं बोलणं, इथे नागपुरात ऐकेन असं वाटलं नव्हतं. मग डोळे पुसले. हसण्याचे की कसले, कळलं नाही.
जायच्या आत मला सगळं यायला हवं. हे गेले तेव्हा म्हणाले होते, वर्ष-दीड वर्षात बोलावतो. वर्ष झालं.

८ डिसेंबर, शनि.
डाक. धडा एकोणिसावा, मोठा आहे. हातात घेतला तेव्हा खुशीत होते. वाचून जीव नुसता जळला.
यांच्या प्रोफेसरच्या बायकोनं कॉलेजच्या समारंभात म्हटलं, 'यू मस्ट कम टू टी सम टाइम.' तुम्ही एकदा चहाला यायलाच हवं. हे आपले नागपूरचे. मोठ्या माणसानं घरी ये म्हटलं, गेलं नाही तर त्यांचा अपमान, असं समजून पुढच्याच रविवारी गेले. सासूबाईंनी पाठवलेला चिवड्याचा डबा घेऊन. बाई दारात आली, फार आनंद झाला म्हणाली, आणि दारातच उभी राहिली. आतल्या टेबलावर कपबशा मांडलेल्या दिसत होत्या. पाहुण्यांचं बोलणं ऐकू येत होतं. बाई म्हणाली, आम्ही बाहेर निघालोच होतो. हे डबा घेऊन परत आले.
एका बंगाली दोस्तानं मग समजावलं. दिवस आणि वेळ सांगितली तर ते बोलावणं. नुसतं 'कधीतरी या' ही चांगल्या मनानं रजा घ्यायची रीत. तिथे तोंडावर नको कुणी म्हणत नाही.
यांनी विनोदानं लिहिलंय. खाली रेघ मारून: "नीट पाठ कर. तारीख नाही तर बोलावणं नाही. तू आलीस की माझ्यासारखी फजिती नको."
फजिती कसली? त्या बाईची जीभ कशी वळली! नवऱ्याच्या शिष्याला दारात उभं करते!

९ डिसें.
सासूबाईंनी विचारलं, "चिवडा आवडला काय तिकडच्या लोकायले? काई लिहलं?"
म्हटलं, सगळ्यांना फार आवडला.
"म्या म्हटलंच होतं. जरा तिखट कमी घातलं होतं मुद्दाम."

१२ जानेवारी १९३५
माझा जुना अभ्यास तपासून आला. मी दहा वाक्यं लिहून पाठवली होती. कडुनिंबाला पालवी नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात. दुकानात नवीन पातळं आली. असंच सगळं. नववं होतं, मला झोप येत नाही. यांनी बाकीच्या नऊ वाक्यांत लाल शाईनं चुका काढल्यात, त्या वाक्यात नाही. त्याच्यापुढे फक्त बारीक अक्षरात तीन शब्द, 'नॉर डू आय'.
डिक्शनरीत 'नॉर' शोधला. मग अर्थ लागला. मलाही नाही.
मी कागद पदराखाली धरून देवघरात जाऊन बसले. दुसरीकडे कुठे एकटं बसता येतं या घरात?

१६ फेब्रुवारी
अर्धाच कागद. चार वाक्प्रचार, अर्थ, संपलं. परीक्षा जवळ आली असणार.

२३ फेब्रु.
पत्र आलं, कागद नाही. मामाजींनी लिफाफा झटकून दाखवला. "या बारीला अभ्यास नाही धाडला पोट्ट्यानं. सुटी समज."

९ मार्च
अभ्यास तपासून आला. लाल शाई आहे. सगळ्या चुका अगदी बरोबर काढल्यात. मी यावेळी सहावं वाक्य लिहिलं होतं, मी रोज डाकेची वाट पाहते. तिथे एक स्पेलिंग सुधारलंय. बाजूला काही नाही. कागद उजेडासमोर धरून पाहिला. काही नाही.

६ एप्रिल
मामाजींना पत्र. प्रोफेसरांच्या ओळखीच्या एका कुटुंबात यांचं जाणं-येणं झालंय. दर रविवारी दुपारचं जेवण तिथेच. त्यांच्याबरोबर टेकड्यांवर लांब लांब फिरायला जातात. "मला अगदी घरच्यासारखं वागवतात."
मामाजी खुश. "पाहा, पोट्ट्यानं तिकडंही मानसं जोडली."
दर रविवारी, म्हणजे दिवस ठरलेला आहे. मी हिशेब केला नाही, आपोआप मनात आला. वाईट मन आहे माझं.
कागद नाही.

२० एप्रिल
वि. डाक नाही. उकाडा.

२७ एप्रिल
नाही.

४ मे
नाही. सासूबाई मारुतीला नारळ बोलल्या. मी काही बोलले नाही. मला राग येतो, मग रागाची भीती वाटते, परदेशात एकटा माणूस, आजारी असला तर?

१८ मे, शनि.
लिहावं की नाही.
डाक आली. मामाजींनी वाचायला घेतलं आणि मध्येच थांबले. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं, मुद्दाम मोठ्यानं, दाराकडे तोंड करून. "सौ.लाही एकदा इकडे यायलाच हवं. फार बघण्यासारखा मुलुख आहे. कधीतरी नक्की जमवू."
सासूबाई रडायला लागल्या. मामाजी उठून उभे राहिले. "बोलावलं! माधवानं बोलावलं! आता काहून रडून राहिली वं तू? साखर आन!" साखर माझ्याच हातून मागवली. मी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. माझ्या हातावर सासूबाईंनी ठेवली.
दीड वर्षात पत्रात माझं नाव पहिल्यांदा आलं. आणि असं आलं.
एकदा यायलाच हवं. कधीतरी. दिवस नाही, वेळ नाही. त्या बाईचंच वाक्य, शब्दाला शब्द, मराठीत घातलेलं. मी ते पाठ केलं आहे, यांनीच करून घेतलं आहे.
या घरात हे वाक्य फक्त मला समजतं. बाकी सगळे साखर खातायत.

१९ मे
रात्री स्वतःला समजावलं, की मीच खुळी. माणूस मराठीत लिहितो तेव्हा मराठीतच लिहितो. बापाला लिहिताना इंग्रजी रीत कशाला आणेल? सकाळी भिंतीवरच्या तारेत ओवलेली सगळी पत्रं काढून वाचली, पहिल्यापासून. पहिल्या वर्षी लिहायचे, "श्रावणात आईला पाठवा मामांकडे, मी मामांना कळवलं आहे." "फाल्गुनात दुकान रंगवून घ्या." हे तारखेशिवाय बोलणारे नाहीत. कापडवाल्याचा मुलगा आहे, माल कधी उचलणार ते आधी सांगतो.
पत्रं पुन्हा तारेत ओवून ठेवली.

२४ मे, शुक्रवार
मिसबाई आल्या, शेवटच्या. उन्हाळ्याला पचमढीला निघाल्यात. त्यांना विचारलं. नाव न घेता विचारलं, की नवऱ्यानं बायकोला असं लिहिलं तर? त्यांनी सुई खाली ठेवली. मग म्हणाल्या, तो फार कामात असेल हो, तसंच मनापासून म्हणायचं असेल त्याला. आणि लगेच माझा हात थोपटला. माझ्या प्रश्नाला हात थोपटायची काय गरज होती?
निघताना दारात, सवयीनं, "यू मस्ट कम टू पचमढी सम टाइम."
मी हसले. इतकी हसले की त्यांना वाटलं मला पचमढीचा फार आनंद झाला. छत्री उघडून गेल्या बिचाऱ्या. त्यांचा काही दोष नाही.

२ जून
घर नुसतं लग्नघर झालंय. मामाजींनी सगळ्या इतवारी बाजाराला सांगून टाकलंय. लोकरीचं कापड आलं, शिंपी माप घेऊन गेला. या उन्हात लोकर अंगाला लावली तर अंगावर काटा आला. पेटी रंगवणारा सुद्धा येऊन गेला. पांढऱ्या अक्षरांत सौ. यशोदाबाई, नागपूर. त्याखाली लीड्स. त्याला लीड्स लिहिता येईना, मी पाटीवर काढून दिलं.
रोज कोणी ना कोणी ओटी भरायला. शेजारच्या काकू सगळ्यांसमोर, "लग्नाले पाच वर्सं झाली, आता जाशीन एकटी अन् येशीन कडेवर घेऊन!" सगळ्या हसल्या. सासूबाईंचा चेहरा असा फुलला की मी मान खाली घातली. त्या पाच वर्षं हेच ऐकत आल्यात, माझ्यापेक्षा जास्त. देवळात, हळदीकुंकवात, सगळीकडे.
नारळ, खण, तांदूळ. एका बोलावण्यावर, जे बोलावणं नाही. मी चोर आहे असं वाटतं. तोंड उघडलं तर या बाईचा हसरा चेहरा मीच मोडणार. नाही उघडलं तर...

१० जून, सोमवार
सांगितलं. मामाजी दुपारी आडवे झाले होते, सासूबाई देवळात. दाराआड उभी राहून सगळं सांगितलं, चहाची गोष्ट, कपबशा, डबा, तारीख. डब्याचं सांगताना मामाजींचे डोळे मिटले. मला वाटलं कळलं त्यांना.
मग उठून बसले. ओरडले नाहीत, तेच कठीण गेलं. "इंग्रजी शिकता शिकता मराठी इसरली काय वं सुनबाई? ते त्या बाईचं बोलनं. हा माहा पोट्टा हाय. त्यानं ये म्हटलं. आता 'ये'मंधी समजाचं काय राह्यलं?"
म्हटलं, मग तारीख विचारा.
"विचारतो ना! तारीख विचाराले काय लागते?"
लगेच बोरू घेतला. माझ्यासमोर लिहिलं. सुनेला घेऊन केव्हा निघावे, बोटीची तारीख कळवावी, मुंबईपर्यंत मी स्वतः पोचवीन.
मी पण अभ्यासाचा कागद घातला. एकच वाक्य, इंग्रजीत. मी कोणत्या दिवशी आणि किती वाजता येऊ?

११ जून
पत्र टाकलं. टाकताना मामाजी म्हणाले, "पाहजो, उलट्या डाकेनं येते."
त्यांचं खरं होऊ दे. माझं सगळं शहाणपण मातीत जाऊ दे, मी खुळी ठरू दे. इतकं मनापासून मी कधी काही मागितलं नव्हतं.

२० जुलै
उलट्या डाकेचे दिवस होऊन गेले. मामाजी शनिवारी दुकानातून स्वतः पोस्टात जातात. परत येताना रिकाम्या हातानं येतात आणि आल्याआल्या दुसरंच काही बोलायला लागतात. आज म्हणे वांगी काय महाग झालीत. मामाजींनी जन्मात वांगी आणली नाहीत.

३ ऑगस्ट
नाही.
पेटीवर रोज धूळ बसते. सासूबाई रोज पुसतात. लोकरीच्या कोटात कडुनिंबाचा पाला घातला, कसर लागू नये म्हणून.
मी यांच्यावर चिडू शकत नाही, हेच मला सहन होत नाही. लाल शाईतले ते तीन शब्द खोटे नव्हते. माणूस आठ महिन्यांत कुठे जातो? तिथे त्या टेकड्यांवर काय आहे, कोण आहे, मला ठाऊक नाही. कदाचित कोणीच नसेल. कदाचित नुसतं बरं वाटत असेल, कोणी ओटी न भरणारं, पत्र मोठ्यानं न वाचणारं गाव. तेही मला समजतं. मलाही आवडलं असतं तसं गाव.

१७ ऑगस्ट, शनि.
आली डाक. घरात नेमक्या शेजारच्या काकू आणि त्यांच्या दोन सुना बसलेल्या. मामाजींनी ओसरीवर वाचायला घेतलं. परीक्षा पास. एका रंगाच्या कारखान्यात दोन वर्षांचं काम मिळालं. हवा, निळा रंग, मातोश्रींचे गुडघे. वाचत वाचत खाली आले. पान उलटलं. पाठकोरं होतं, मला दारातून दिसलं. पुन्हा पुढची बाजू केली. बोट ओळींवरून वरपासून खालपर्यंत फिरवलं.
सासूबाई म्हणाल्या, "अन् हिचं? हिच्या जान्याचं काय लिहलं?"
मामाजींनी घसा साफ केला. कागद डोळ्यांजवळ नेला आणि वाचलं. "दिवाळी झाल्यावर, कार्तिकी पौर्णिमेनंतर, जी पहिली बोट मिळेल तिनं पाठवावं."
काकूंनी माझ्या पाठीवर हात फिरवला. सासूबाई दोन्ही हात जोडून देव्हाऱ्याकडे वळल्या.
मामाजी कधी मिळेल म्हणत नाहीत, भेटन म्हणतात. कागदावर नसलेलं यांच्या भाषेत वाचायचा प्रयत्न केला त्यांनी. मोठ्या माणसाला असं कधी पाहिलं नव्हतं, कपाळावर घाम, आवाज शाळेत धडा म्हणावा तसा.
सगळी पत्रं मी तारेत ओवते. हात पुढे केला. त्यांनी कागद घडी करून बंडीच्या खिशात घातला. "राहू दे हे. दुकानात लागते मले."
अभ्यासाचा कागद नाही. विचारायची गरज नव्हती.

१८ ऑगस्ट, रविवार
सकाळी सासूबाई पाण्याला गेल्या तेव्हा मामाजींनी बंडीतून कागद काढून माझ्यापुढे ठेवला. मी उचलून वाचला. माझ्याविषयी शेवटी दोन ओळी आहेत. "सौ.च्या येण्याचा आपला विचार स्तुत्य आहे. सध्या जागेची अडचण आहे, पुढे अवश्य पाहू. तिनं अभ्यास चालू ठेवावा, प्रगती कौतुकास्पद आहे."
कौतुकास्पद. तपासनीस शाळा पाहून जाताना वहीत लिहितो तसं.
रडू आलं नाही. मामाजींनाच आलं. त्यांनी उपरणं डोळ्यांना लावलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मग तसेच, भिंतीकडे पाहत, "तू बराबर होती सुनबाई. मी बाप असून मले समजलं नाही."
मी म्हटलं, तुम्ही तारीख काहून वाचली? माझ्या तोंडून पण 'काहून' निघालं.
"हिच्या तोंडाकडं पाहून तारीख निंगून गेली. अन् तुह्या. त्या बाया बसल्या होत्या." मग उपरणं खांद्यावर टाकलं. "आता कार्तिक येईन. हिले काय सांगू? धाड म्हनशीन तर धाडतो तुले, माह्या भरवशावर. मी येतो बोटीपर्यंत, मी येतो विलायतेपर्यंत. त्याच्या दारात नेऊन उभी करतो, पाहू तो काय म्हनते ते. नाही म्हनशीन तर हिले मी सांगीन, शिव्या मी खाईन, तुह्यावर येऊ देनार नाही. म्या काय करू वं? तूच सांग."
पाच वर्षांत या घरात मला काय करू म्हणून कुणीच विचारलं नव्हतं. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि ओरडावंसंही वाटलं. म्हटलं, विचार करून सांगते.
आता स्वयंपाकघरात वही घेऊन बसले आहे. एकदा वाटतं, जावं. दारात उभी राहून मराठीत विचारावं, येऊ का आत? त्यांना तोंडावर नको म्हणावं लागेल, मराठीत, माझ्याकडे बघून. एकदा वाटतं, त्या दारात माझ्यामागे मामाजी उभे असतील, उपरणं घेऊन, त्या थंडीत. ते मला बघवणार नाही.
सासूबाई परत आल्यात, पेटी पुसताहेत. आज रविवार, इतवारीचा भर बाजार. मामाजी ओसरीवरच बसून आहेत. दुकान उघडायची वेळ केव्हाच टळून गेली.